सुगलाबाईची चूल

“आणि आत ओढलंच न्हाई, तर?”

अप्पांनी विचारलं, आणि महानंदा जरा चकित झाली. इतका नेमका प्रश्न तिला तिच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा क्वचितच विचारला होता.

“नाही ओढलं, तर ते दारातच उभं राहतं,” ती म्हणाली. “तीच खूण.”

“कशाची?”

“आत काहीतरी बिघडलंय याची.”

अप्पांनी मान डोलावली.

बोरी नदीच्या काठी धाकटा मठ आहे. त्याच्या भटारखान्यात ओळीनं अकरा मातीच्या चुली. येईल त्याला जेवण. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. मठाचे संगय्या स्वामी ऐंशी ओलांडलेले, सगळा मुलूख त्यांना अप्पा म्हणतो. ते चुलींसमोर पाटावर बसले होते. उजवा हात मांडीवर थरथरत होता, आणि त्यांचं त्याच्याकडं लक्षही नव्हतं.

महानंदा उंबऱ्याबाहेर उभी होती. चपला काढून, पाय धुऊन झालं होतं. तरी पाऊल आत पडत नव्हतं.

ती पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करते. देशोदेशी व्याख्यानं होतात. पण ती वाढली इथं, याच भटारखान्यात. तिची आई सुगलाबाई हिनं इथं बेचाळीस वर्षं भाकरी भाजली. आईला जाऊन अकरा महिने झाले होते, आणि लेक त्यानंतर आज पहिल्यांदा मठात आली होती.

आली तीही काही दर्शनाला नव्हे. भांडायला आली होती.

परवा मल्लव्वाचा फोन गेला होता. मल्लव्वा म्हणजे आईच्या शेजारच्या चुलीवर बसणारी, आईची जोडीदारीण, तोंडानं फटकळ. “तुझ्या आईच्या चुलीला तडा गेलाय माय. सोमवारी मोडायची हाय. यायचं तर ये, न्हाईतर नको येऊ.” एवढं बोलून तिनं फोन ठेवला होता.

महानंदा मिळेल त्या गाडीनं निघाली. वाटेत सगळं भाषण जुळवलं. पण अप्पांनी भाषणाला जागाच दिली नाही. राम राम, शरणार्थ व्हायच्या आतच विचारलं, तू तिकडं नेमकं करतीस तरी काय?

“तुझ्या आईला मी लई वेळा विचारलं,” अप्पा म्हणाले. “ती म्हणायची, माझी लेक बारक्या चुली बघती.”

पंचवीस वर्षांची विद्या दोन शब्दांत आटोपलेली ऐकून डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी चढली. त्या रागातच तिनं सांगायला घेतलं. शरीर पेशींचं असतं. एकेका पेशीत शेकडो मायटोकॉन्ड्रिया असतात. आपण जे खातो त्याची शक्ती तिथं तयार होते...

“म्हंजी चुलीच की.”

“...चुलीच म्हणा.”

“मग तुझी आई काय चुकीचं बोलली?”

चूल हा शब्द तिनंच आईला दिला होता, फोनवर, एका दिवाळीत. ते तिला आत्ता आठवलं.

“या चुली जुन्या होतात, बिघडतात,” ती जरा खालच्या आवाजात पुढं सांगू लागली. “बिघडलेली चूल शक्ती कमी देते आणि विष जास्त सोडते. मग ती ओळखायची कशी? तर पेशीत एक प्रथिन असतं, पिंक नावाचं.”

“गुलाबी असतं व्हय?”

“नाही अप्पा, नुसतं नाव. ते प्रत्येक चुलीच्या दारात जातं. चूल धड असली की ती त्याला आत ओढून घेते आणि तुकडे करून संपवते. म्हणून धड चुलीच्या दारात पिंक कधी साचत नाही.”

इथंच अप्पांनी तो प्रश्न विचारला होता.

“बरं, मग दारात उभं राहून ते करतं काय?”

“हाका मारतं. दुसरं एक प्रथिन येतं, ते त्या चुलीवर खुणा करतं. खुणा झाल्या की एक झोळी येते...”

“झोळी?”

“पातळ पडद्याची. पेशीच ती विणते. बिघडलेली चूल झोळीत घालायची, तोंड मिटायचं आणि नेऊन विरघळवायची. जे सुटं होईल त्यातून पेशी पुन्हा नवं काही बांधते.”

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. खांद्याला झोळी अडकवून गावोगाव पीठ मागण्यात त्यांची उमर गेली होती.

“माझी पत्रं पोचली तुला?” त्यांनी मधेच विचारलं.

“...पोचली.”

“वाचलीस?”

महानंदानं खाली पाहिलं.

“दाराजवळच्या फळीवर आहेत.”

“किती?”

“तीन.”

मल्लव्वानं फुंकणी खाली ठेवली आणि ती खोकली. खोकला होता की हसू, सांगता यायचं नाही.

पाकिटावर मठाचं नाव दिसलं की महानंदाचा हात मागं यायचा. पाकीट फोडलं तर आत आई गेलेली असणार होती. न फोडता ती अजून इथं भाकरी भाजत होती.

“सोमवार हाय,” अप्पा म्हणाले. “मल्लव्वा, कापूस आण.”

या मठाची एक रीत आहे. दर सोमवारी सकाळी अकराही चुली पेटवायच्या आणि एकेकीच्या तोंडाशी काडीवर सावरीच्या कापसाचा पुंजका धरायचा. सावरीचा कापूस इतका हलका की बोलता बोलता उडतो. चूल धड असेल तर ती वारा आत ओढते आणि पुंजका सुर्रकन जाऊन जळतो. कुठं तडा गेला असेल तर वारा तिथून शिरतो, तोंडाशी जोर राहत नाही. पुंजका काडीवर तसाच बसून राहतो.

पुंजका आत गेला की अप्पा म्हणतात, “ही राहू दे.” नाही गेला तर म्हणतात, “हिला मोकळी करा.” मोकळी करायची चूल त्याच दिवशी मोडतात. तिचीच माती भिजवून, त्यात निम्मी नवी माती कालवून त्याच जागी दुसरी चूल घालतात.

आणि मोडायची कुणी? जिनं घातली तिनं.

इथंच घोडं अडलं होतं. घालणारी मातीआड गेलेली. तिच्या मागं तिचा हात म्हणजे तिची लेक. आणि लेक काही बोलावण्याचं पत्र फोडेना.

पूर्वी काडी अप्पा स्वतः धरायचे. आता हात थरथरतो. पुंजका चुलीनं हलला की हातानं, कळत नाही. म्हणून मल्लव्वा धरते आणि अप्पा नुसते बघतात.

पहिली चूल. पुंजका गेला.

“ही राहू दे.”

दुसरी.

“ही राहू दे.”

दहा चुली अशा झाल्या. अकरावी कोपऱ्यातली. तिच्या बाजूच्या मातीच्या खुंटामागून धूर निघून आढ्यापर्यंत पसरला होता. मल्लव्वा तिच्यापुढं गेलीच नाही. काडी घेऊन ती उंबऱ्याकडं आली आणि तिनं ती महानंदापुढं धरली.

“धर.”

महानंदानं हात मागं घेतला.

“राहू द्या ना, अप्पा.” जुळवलेल्या भाषणातलं एवढंच उरलं होतं. “ही एक राहू द्या. हिच्यावर स्वयंपाक नका करू. मी गॅसची मोठी शेगडी पाठवते. दोन पाठवते. पण ही... अशीच इथं कोपऱ्यात...”

“तुझ्या त्या पेशीनं असं केलं तर काय होतं गं?” अप्पांनी विचारलं. “झोळी आलीच न्हाई, तर?”

शास्त्राचा प्रश्न आला की महानंदाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. घरावरून वरात चाललेली असली तरी ती आधी उत्तर देईल.

“बिघडलेल्या साचत जातात. त्यांचं विष शेजारच्या धड चुलींना लागतं, मग त्याही बिघडतात. मेंदूतल्या काही पेशी त्यातच मरतात. काही माणसांचे मग हात...”

ती थांबली.

अप्पांनी आपला उजवा हात वर करून पाहिला. बोटं थरथरत होती.

“म्हंजी माझ्यात कुठंतरी मोडायचं राहून गेलं म्हण,” ते म्हणाले आणि मोकळं हसले.

“तसं सांगता येत नाही, अप्पा. तपासल्याशिवाय...”

“असू दे गं. हात हाय, हलतो.”

मल्लव्वाला मात्र हसू आलं नाही. “दहावी चूल माझी,” ती म्हणाली. “बघ तिच्याकडं. हिची झळ बसून बसून तिलाबी बारीक चिरा पडायल्यात. अकरा महिने हा धूर खायलाव आम्ही. अप्पाचं एकच, लेक येऊ दे, लेक येऊ दे. लेक कुठं यायली?”

महानंदानं आज पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. डोळे लालभडक झाले होते. पापण्यांना केस म्हणून उरले नव्हते. तिला फार लाज वाटली. पण हट्ट काही सुटला नाही.

“पण हीच ती चूल आहे, अप्पा! हिच्या उबेला बसून मी पाढे पाठ केले. सहा वर्षांची होते तेव्हा माझी निळी बांगडी फुटली. मी इतकी रडले, इतकी रडले, की आईनं तिचा तुकडा उचलला आणि चुलीच्या डाव्या खुंटावर ओल्या मातीत दाबला. म्हणाली, बघ, आता ही तुझी चूल. तो तुकडा अजून आहे तिथं. मला इथून दिसतोय.”

होता खरा. काजळीतून एक निळा ठिपका दिसत होता.

अप्पांनी आणि मल्लव्वानं एकमेकांकडं पाहिलं.

“सांग तिला,” अप्पा म्हणाले.

“ती चूल ही न्हवं, माय,” मल्लव्वा म्हणाली. आवाजातला फटकळपणा कुठं गेला कुणास ठाऊक. “ती तू सातवीला होतीस तवाच मोडली. सुगलानं सवताच्या हातानं. मग दुसरी घातली, ती तू पुण्याला गेलीस त्या साली मोडली. ही पाचवी का सहावी. दर बारीला मोडायच्या आधी नखानं तेवढा तुकडा काढायची, तोंडात धरायची, आन् नवी घातली की परत दाबायची.”

“तोंडात?”

“हात मातीचे असायचे की. हरवंल म्हून.”

...

पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला आपल्या आईची चूल चार-पाचदा बदललेली दिसली नव्हती. सुट्टीत यायची तेव्हा जागा तीच असायची, कोपरा तोच असायचा, निळा ठिपका तोच. आई तीच असायची. “आत ये गं, दारात काय उभी राहतीस,” असं म्हणायची, आणि लेक आत जाऊन उबेला बसायची. चुलीकडं बघतंय कोण?

“मला कधी सांगितलं नाही आईनं,” ती पुटपुटली.

“त्यात सांगायचं काय?” मल्लव्वा म्हणाली. “चूल हाय. जुनी झाली, मोडली.”

मग अप्पांनी विचारलं,

“एक सांग मला. त्या बारक्या चुली तुझ्यात आल्या कुठनं? आईकडनं का बापाकडनं?”

“आईकडून. फक्त आईकडून. बापाच्या येतात त्या सुरुवातीलाच मोडल्या जातात.”

“तुझ्या आईनं दिल्या, त्याच हायत का अजून?”

“त्याच कशा असतील? त्या तर कधीच...”

ती अडखळली. हे ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते. दरवर्षी एकच चित्र, एकच वाक्य.

“त्या कधीच मोडून गेल्या, अप्पा. किती वेळा, त्याची गणतीच नाही.”

“मग आता हायत त्या?”

“...त्यांच्यापासूनच झालेल्या.”

कुठल्याशा चुलीत ओलं लाकूड तडतडत राहिलं.

आई गेली तेव्हा महानंदा परदेशात होती. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रिया पेशी कशा काढून टाकते, यावरच बोलत होती. फोन बंद होता. व्याख्यान छान झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथं दिवस कलेपर्यंत तिची वाट पाहिली आणि मग आईला नेलं. लिंगायतांत देह मातीत ठेवतात, आलेल्या प्रत्येकानं मूठभर माती घालायची असते. सगळ्या गावाची मूठ पडली. लेकीची राहून गेली.

तिला आई हवी होती. एवढंच होतं ते. चूल राखून आई मिळणार नाही, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. तरी हवी होती.

तिनं मल्लव्वाच्या हातातून काडी घेतली आणि ती उंबरा ओलांडून आत आली.

कोपऱ्यातल्या चुलीपुढं ती उकिडवी बसली. काडी धरली. तिचा हात जराही हलला नाही. प्रयोगशाळेत घडलेला हात तो. पुंजका थोडा थरारला. तिला वाटलं, गेला, गेला आत...

नाही गेला.

ती धरून बसली. दोन वेळा नवा पुंजका लावला. जाळ होता, ऊब होती, आणि पुंजका चुलीच्या तोंडाशी तसाच उभा होता.

अप्पांनी बोलावं म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. अप्पा बोलले नाहीत.

“हिला...” महानंदा म्हणाली. “हिला मोकळी करते, अप्पा.”

मल्लव्वानं जळती लाकडं ओढून घेतली, तांब्याभर पाणी मारलं. चूल चर्र करून विझली. निवायला थोडा वेळ दिला. मग महानंदानं खुंटावरची काजळी पुसली आणि नखानं निळा तुकडा सोडवला. जाळानं आणि इतक्या वेळा काढण्याघालण्यानं त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. हात काळेमिट्ट झालेले. ठेवायचा कुठं?

तिनं तो तोंडात धरला.

आणि मग एक गंमत झाली. देशोदेशी बोलणारी ही बाई गप्प झाली. तोंडात काचेचा तुकडा असताना बोलता येत नाही. दिवसभर ती एक अक्षर बोलली नाही, आणि तिला बोलावंसं वाटलंही नाही.

तिनं चूल हातानं मोडली. जिथं हातानं हटेना तिथं पहार घेतली. उजवा खुंट भिंतीपासून सुटला तेव्हा त्याच्या मागल्या अंगाला चार खाचा दिसल्या. ओली माती थोपटताना आईची बोटं रुतली होती. ती बाजू भिंतीकडं असल्यामुळं कधी कुणाला दिसली नव्हती आणि कधी सारवलीही गेली नव्हती. बोटं अगदी काल उमटल्यासारखी होती.

महानंदा त्या खाचांकडं बघत बसली. मग तिनं तेवढं ढेकूळ अलगद सुटं केलं, ओढणीत गुंडाळलं आणि उंबऱ्यापलीकडच्या आपल्या पिशवीत नेऊन ठेवलं.

अप्पांनी ते पाहिलं. पाहिलं नाही असं केलं.

बाकीची माती तिनं कुटली, पाण्यात टाकली. मल्लव्वानं नवी माती आणली, भुसा आणला, घोड्याची लीद आणली. दुपारची पंगत उठली तरी महानंदा माती तुडवत होती. जेवायला बोलावलं तर तिनं तोंडाकडं बोट दाखवून मान हलवली. उन्हं कलली तेव्हा माती लोण्यासारखी झाली. मग दोघी चूल घालायला बसल्या. मल्लव्वा सांगायची आणि महानंदा थापायची. मागं धुराडं, दोन्हीकडं खुंट, शेजारी भांडं उबेला ठेवायचं लहानसं वैल.

तोंडाची कड तेवढी राहिली, आणि माती संपली.

“एक ढेकूळ कमी पडायलंय, माय,” मल्लव्वा म्हणाली. “नवी निम्म्याच्या वर घालता येत न्हाई. चिरती मग. जुनीच पायजे.”

महानंदाचे हात थांबले.

मल्लव्वानं पिशवीकडं पाहिलं नाही. तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं. अप्पांना ठाऊक होतं, पण ते समोरच्या भिंतीकडं बघत होते.

...

ती उठली. पिशवी उघडून ओढणी सोडली, ढेकूळ बाहेर काढलं. त्या चार खाचांत तिनं आपली चार बोटं घातली. तीन अगदी बरोबर बसली. करंगळीची जागा तेवढी मोठी पडली. आईची करंगळी एकदा दाराच्या फटीत चेमटून जाड झाली होती, ते ती विसरूनच गेली होती.

किती वेळ ती तशी उभी होती, कुणी मोजलं नाही.

मग तिनं ढेकूळ मुठीत घेऊन बारीक केलं आणि पाण्यात टाकलं. खाचा मुठीतच गेल्या. माती तळाला बसली. अकरा महिने राहून गेलेली तिची मूठ ती, आज पडली.

दिवेलागणीच्या आधी चूल पुरी झाली. ओली, तांबूस, अजून कधी न पेटलेली. आठ दिवस सावलीत वाळेल, मग पेटेल. महानंदानं जिभेवरचा निळा तुकडा काढला आणि डाव्या खुंटावर अंगठ्यानं दाबला.

तोंड मोकळं झालं, आणि त्याबरोबर सगळंच मोकळं झालं. अकरा महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. परदेशातून परतताना विमानात रडली नव्हती, पुण्यातल्या घरी रडली नव्हती. आता मातीनं भरलेले हात मांडीवर टाकून ती रडली, आणि तिची पुण्याची भाषा त्या रडण्यात कुठल्या कुठं गेली.

“अप्पा... आता माझ्या मायचं काय ऱ्हायलं ओ? आता काय ऱ्हायलं?”

मल्लव्वानं पदराचा बोळा तोंडात धरला.

अप्पा पाटावरून उठले. सकाळच्या टोपलीत सावरीचा एक पुंजका उरला होता. तो त्यांनी उचलला आणि डाव्या, न थरथरणाऱ्या तळव्यावर ठेवला. हळूहळू चालत ते महानंदासमोर आले आणि खाली वाकून त्यांनी तो तळवा तिच्या तोंडाशी नेला.

तिला काही कळलं नाही. हुंदका छातीत अडकला होता. श्वास आत जात नव्हता, बाहेर येत नव्हता. पुंजका तळव्यावर निवांत पडून होता.

अप्पा थांबले... सोमवारी थांबतात तसे.

मग तो अडकलेला हुंदका सुटला, आणि तिनं पोटापर्यंत एक लांब श्वास आत घेतला.

पुंजका तळव्यावरून उठला आणि तिच्या ओल्या ओठाला जाऊन चिकटला.

अप्पांनी तो नीट निरखून पाहिला. मग मागं वळून ते मल्लव्वाला म्हणाले,

“ही राहू दे.”